विजेची शीव

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे माणसाने निदान एखादा घाट तरी ओलांडलेला असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. दिवाळी अंकातल्या प्रवासाला हिमालय लागतो, काश्मीर लागते. नाहीच जमले तर कोकणातला एखादा समुद्रकिनारा तरी लागतोच. मी मात्र वाचकांना जिथे नेणार आहे तिथे त्यांच्यापैकी पुष्कळजण घामाघूम होऊन रोजच जाऊन येत असतील. हा प्रवास चर्चगेटहून निघतो आणि विरारला पोहोचतो. आणि ज्या स्थळासाठी मी हा खटाटोप मांडला आहे ते पाहायला आज कोणी गेलाच, तर त्याला तिथे काहीही दिसायचे नाही. ती एक शीव होती. विजेची शीव.

शीव हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. सायन स्टेशनचे आपले नाव शीवच. मुंबई बेट जिथे संपे आणि साष्टी जिथे सुरू होई ती हद्द, म्हणून ती शीव. राज्ये बदलली, मधली खाडी बुजली, हद्द केव्हाच पुढे गेली. पण शब्द तेवढा मागे राहिला. विरारच्या शिवेचे नेमके उलट झाले. तिला कोणी नाव दिले नाही, आणि ती पुसली गेली तेव्हा कोणाला चुकल्याचुकल्यासारखेही वाटले नाही.

मी वसईचा. मुंबईच्या एका उपनगरात महाविद्यालयात मराठी शिकवतो, म्हणजे वीस-बावीस वर्षे रोजचे तीन तास लोकलमध्ये काढतो. विरारकडच्या माणसाला लोकल हे वाहन वाटत नाही. ते त्याचे दुसरे घर असते. सकाळच्या पाच-साडेपाचच्या गाडीला सामानाच्या डब्यात वसईची फुले आणि भाजीच्या पाट्या चढतात, कोळणींच्या टोपल्या चढतात. पुढच्या डब्यात टाळ काढून भजनी मंडळ बसते. संध्याकाळी बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाते, लसूण सोलला जातो, कोणाचे डोहाळजेवणसुद्धा होते. दसऱ्याला डब्याला तोरण लागते आणि मोटरमनच्या हातावर पेढा पडतो. या घराचे शिष्टाचारही कडक आहेत. विरारच्या जलद गाडीत बसून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्या पाहुण्याला ज्या नजरेला तोंड द्यावे लागते, ती नजर सासुरवासात पोळलेल्या कोणत्याही मुलीला ओळखीची वाटेल.

परदेशात जुनी बस विकत घेऊन तिचे घर करण्याची हौस पुष्कळांना असते. आता ती आपल्याकडेही येऊ लागली आहे. बसमध्ये बिछाना येतो, चूल येते, दिवे-पंखे येतात. मग मूळची १२ व्होल्टची बॅटरी पुरेनाशी होते आणि घरधनी २४ किंवा ४८ व्होल्टची नवी योजना बसवायला घेतो. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो, तारा कमी तापतात आणि विजेची नासाडी घटते. हे काम चालू असेपर्यंत बस अंगणात उभी असते. फळ्या उचकटलेल्या, तारा लोंबलेल्या. महिना लागला काय नि दोन लागले काय, कोणाचे अडत नाही. आमच्या घरालाही एके काळी विजेची अशीच नवी योजना बसवावी लागली. फरक इतकाच, की आमचे घर एक दिवसही अंगणात उभे करता येण्यासारखे नव्हते. लाखो माणसे आत उभी असताना, गाडी धावत असताना, तिची वीज बदलायची होती. ती कशी बदलली, हीच माझ्या शिवेची कथा.

विरार हे टोकाचे स्टेशन म्हणून फार जुने आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेकडे पहिली लोकल धावली. सकाळी जायची आणि संध्याकाळी परतायची, एवढीच तिची मिजास. वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटावर तेव्हा ती थांबत असे. आज भाईंदर ओलांडून पुलावर आलो की हे बेट खाली हिरवेगार दिसते आणि गाडी त्याला न ओळखल्यासारखी निघून जाते. पश्चिमेकडे, जिथे १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, तिथली झाडी पावसाळ्यात धुक्यात बुडालेली असते. इतिहास असा खिडकीबाहेर वाहत असतो, आणि दारात लटकलेल्या माणसाला तो दिसतो तसा आत बसलेल्याला दिसत नाही, हीही एक गंमतच.

मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. पश्चिमेच्या मार्गावर १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली वीज आली आणि १९३६ साली ती विरारला पोहोचली. ही वीज १,५०० व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. त्या काळी तेच शहाणपणाचे होते. आगगाडी जागेवरून हलवायला लागणारा जोर डीसीची मोटर सहज देई, आणि उलटसुलट वाहणाऱ्या एसी विजेचे डीसी करणारी यंत्रे इतकी अवजड असत, की ती गाडीवर लादण्यापेक्षा रुळाकाठच्या सबस्टेशनात ठेवणेच सोयीचे होते.

पुढे काळ बदलला. १९५७ साली आपल्या रेल्वेने फ्रान्सचे उदाहरण पाहून ठरवले, की यापुढे नव्या मार्गांवर २५,००० व्होल्टची एसी वीज घ्यायची. १९७० नंतरच्या काही वर्षांत ही नवी वीज गुजरातकडून तारांवरून सरकत सरकत विरारच्या दाराशी येऊन उभी राहिली. घरात जुनी वीज, अंगणात नवी. दोघींचे जमायचे नाही. तारेचा तारेला स्पर्श झाला तर अनर्थ. म्हणून दोन्हींच्या मध्ये, विरारजवळ, विजेचा स्पर्श नसलेला तारेचा एक मुका तुकडा ठेवावा लागला. हीच ती शीव.

१९७५ पासून दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली. चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झालेली ही इंजिने गुजरात मेलसारख्या लांबच्या गाड्या घेऊन येत. शिवेपाशी आले की इंजिनाचा चालक आपला मोठा खटका उघडी, मुका तुकडा गाडी आपल्याच वेगावर ओलांडून जाई, आणि पलीकडे गेल्यावर खटका पुन्हा मिटला जाई. या खटक्याला रेल्वेत डीजे म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेशी त्याचे नाते नाही. ‘दिझ्‌जाँक्तर’ या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षरी रूप आहे. फ्रान्सहून विद्या आली तेव्हा तिच्याबरोबर शब्दही आला आणि विरारच्या खाजणापर्यंत पोहोचून स्थायिक झाला. भाषेच्या मास्तराला यापरते आणखी काय हवे?

आता थोडे गणित. वाचकांनी घाबरू नये, हे मलाही समजलेले आहे. बारा डब्यांची भरलेली लोकल जोराने सुटताना ३,००० किलोवॉट शक्ती मागते असे धरा. १,५०० व्होल्टच्या तारेतून ती द्यायची तर २,००० अँपिअरचा प्रवाह वाहावा लागतो. तीच शक्ती २५,००० व्होल्टने दिली तर १२० अँपिअर पुरतात. आणि तारेत उष्णता होऊन फुकट जाणारी वीज ही प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तीच तार असेल तर ती नासाडी सुमारे पावणेतीनशे पटींनी कमी. डीसीची वीज थोड्या अंतरावर दमते, म्हणून तिला दर काही मैलांवर सबस्टेशनचा टेकू लागे. एकामागून एक गाड्या सोडायच्या, नवाच्या बारा आणि बाराच्या पंधरा डब्यांच्या करायच्या, तर प्रत्येक वेळी तारेला आणखी ओझे. वसई-विरारची वस्ती २०११ च्या जनगणनेत बारा लाख बावीस हजारांवर गेली होती. माणसे वाढत होती आणि त्यांना ओढणारी वीज १९३६ ची होती, असा तो मामला.

वीज बदलायची खरी, पण आधी काय बदलायचे? तारेत नवी वीज सोडली तर जुन्या गाड्या जागच्या जागी बसणार. नव्या गाड्या आणल्या तर जुन्या तारेखाली त्या उपाशी. यावर काढलेला तोडगा मला एखाद्या म्हणीसारखा वाटतो. आपण म्हणतो, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. रेल्वेने दोन्ही घरी जेवणारा पाहुणा तयार केला. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या लोकल आल्या. काही जुन्या गाड्यांची यंत्रे बदलून त्यांनाही दोन्ही विजा पचतील असे केले गेले. १९९९ साली स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने मागवलेल्या, सीमेन्सची यंत्रे बसवलेल्या जांभळ्या-पांढुरक्या गाड्या २००७ च्या अखेरीस धावू लागल्या, त्याही अशाच दुहेरी पोटाच्या. आधी खाणारे तयार केले आणि मग ताटातले अन्न बदलले.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नालासोपाऱ्याला राहतात. ओव्हरहेड वायरच्या खात्यात उभी हयात घालवून आता निवृत्त झाले आहेत. एका रविवारी त्यांच्या ओटीवर बसून मी त्यांना विचारले, “काका, गाड्या बंद न ठेवता हे तुम्ही केलंत तरी कसं?”

काका हसले. “गाड्या बंद नव्हत्या कशा, सर? रात्री एक ते चार बंदच असतात की. तेवढाच आमचा दिवस.”

मग ते सांगू लागले. शेवटची लोकल कारशेडला गेली की ब्लॉक मिळायचा. तारेतली वीज बंद झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. तरीसुद्धा दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडून घ्यायची, कारण कागदावर विश्वास ठेवावा, पण आपला जीव त्याच्यावर टांगू नये. मग टॉवर वॅगनवर चढून जुने इन्सुलेटर उतरवायचे आणि २५,००० व्होल्ट झेलतील असे नवे चढवायचे. “एका रात्रीत चार-सहा खांब झाले तरी डोक्यावरून पाणी. पहाटे साडेतीनला खाली उतरायचं, हत्यारं मोजायची, माणसं मोजायची. पहिली गाडी त्याच तारेखालून जायची, आणि तारेत वीज जुनीच. अशी वर्षं गेली. सगळं नवं बसवलेलं, पण वाहतंय जुनंच. मग एका रात्री जुनी बंद केली नि नवी सोडली. झालं. सकाळी तुम्ही आलात, गाडीत बसलात, पेपर उघडलात.”

“आम्हाला काही कळलंच नाही,” मी म्हणालो.

“कळलं असतं तर आमचं काम चुकलं असतं, सर.”

काकांचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

अगदीच काही कळले नाही असे मात्र नव्हे. शीव विरारहून उठली आणि टप्प्याटप्प्याने चर्चगेटच्या दिशेने सरकू लागली, तेव्हा ती आमच्या रोजच्या वाटेत आली. धावत्या गाडीचे दिवे एकाएकी मावळायचे, पंखे घरघर थांबवून स्तब्ध व्हायचे, आणि गाडी आवाज न करता पुढे घसरत राहायची. दोनेकशे माणसांच्या डब्यात ती काही क्षणांची शांतता चमत्कारिक वाटे. भजनाची ओळ तेवढी न तुटता चालू राही. मग दिवे लागत. एखादा जुना पंखा हट्टाला पेटून थांबलेलाच असे. त्याच्या जाळीतून कोणीतरी खिशातला कंगवा घालून पाते ढकली की तो गरगरू लागे. नवी वीज पंचवीस हजार व्होल्टची असली तरी जुन्या पंख्याला कंगव्याची ओळख अधिक. २०१२ च्या फेब्रुवारीत नवी वीज चर्चगेटला पोहोचली आणि पश्चिम रेल्वेवरून ही शीव नाहीशी झाली. मुंबईतला शेवटचा डीसीचा तुकडा हार्बर मार्गावर होता. तोही २०१६ च्या एप्रिलमध्ये संपला. १९२५ साली ज्या मार्गावर मुंबईतली विजेची गाडी प्रथम धावली, त्याच मार्गावर त्या विजेने निरोप घेतला. ९१ वर्षांचे आयुष्य. तक्रारीला जागा नाही.

या बदलाने आम्हाला काय दिले? गाडी सुटताना बसणारा हिसका गेला. ब्रेक लावताना मोटरीच उलट वीज तयार करून तारेत परत घालू लागल्या आणि सुमारे तीस टक्के वीज वाचू लागली. टपावरून ताजी हवा डब्यात ढकलणारी यंत्रे आली; गर्दीच्या वेळी डब्यातल्या माणसांना श्वास घ्यायला हवा लागते, हे पहिल्यांदाच कोणाच्या तरी आराखड्यात उमटले. पंधरा डब्यांच्या गाड्या २००९ पासून आल्या. २०१७ च्या नाताळात वातानुकूलित लोकल आली, ती या नव्या विजेवरच.

जागा मात्र वीज देऊ शकली नाही. इंजिनिअर मंडळींच्या भाषेत आमच्या गर्दीला स्वतंत्र नाव आहे: सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे. घरात आपण जेवायला पाट मांडतो तेवढ्या जागेत चार-पाच. संध्याकाळी दादरला ही गाडी पाहिली की मला वाटते, २५,००० व्होल्टना ओढायला दिलेले ओझे पोलादाचे नसून माणसांच्या थकव्याचे आहे.

आणि नव्या विजेने एक कठोर गोष्टही आणली. पूर्वी काही पोरे टपावर चढून बसत. तेव्हाही ते जीवघेणेच होते. परंतु नव्या विजेचा स्वभाव निराळा आहे. तिला शिवावे लागत नाही. जवळ गेलेल्या माणसावर ती हवेतून उडी घेते. म्हणूनच कमी उंचीच्या पुलांखाली तिला पुरेशी मोकळी जागा करून द्यावी लागली. मध्य रेल्वेवरचा जुना हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत पाडावा लागला, तो त्यामुळेच. पुलाला बाजूला होता येते. दारात जागा नाही म्हणून टपाकडे पाहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार? काका सांगत, “तारेखाली काम करताना तारेची भीती नाही वाटली कधी. पोरं वर चढलेली दिसली की हात कापायचे.”

आता विरारच्या पुढे जाऊ. शीव होती तोपर्यंत तिच्या पलीकडचा मुलूख लोकलला परका होता. सफाळे, केळवे, पालघर, बोईसरच्या माणसाने मोजक्या शटल आणि लांबच्या गाड्या यांच्या वेळा सांभाळून विरारला यावे आणि तिथे गाडी बदलावी. माझ्या वर्गात सफाळ्याची एक विद्यार्थिनी होती. दुपारच्या तासाला ती नेहमी दाराजवळच्या बाकावर बसे आणि ठरलेल्या मिनिटाला वही मिटून, मला नमस्कार करून निघून जाई. ती गाडी चुकली तर घरी पोहोचायला रात्र होई. ज्ञानेश्वरीचा तास अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या त्या मुलीवर मला कधी रागावता आले नाही. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणू रोडपर्यंत गेली. तोवर ती पदवीधर होऊन गेली होती. पण तिच्यानंतर आलेल्या केळव्याच्या, पालघरच्या मुली तास संपेपर्यंत बसू लागल्या. हजेरीपटावर दिसलेला हा बदल कोणत्याही अहवालात येणार नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

डहाणूच्या लोकलने एकदा तरी सुट्टीच्या दिवशी जावे. विरार सुटले की डोंगरावरची जीवदानी मागे फिरते, इमारती विरळ होतात आणि एकदम वैतरणेचे रुंद पात्र येते. नदीचे नाव घेतले की मला एक बोट आठवते. ‘वैतरणा’ नावाची आगबोट १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छहून मुंबईकडे येताना वादळात सापडून माणसांसकट नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, ते त्या काळी एवढे अपूर्व, की लोक तिला ‘विजळी’च म्हणत. बोटीवर विजेचे दिवे लागले एवढ्याने जिथे लोकांनी तिचे नावच बदलले, तिथे आज त्याच नावाच्या नदीवरून पंचवीस हजार व्होल्टखाली जाणारा माणूस मान वर करून तारेकडे पाहतही नाही. सवय ही गोष्ट विजेपेक्षा बलवान आहे.

सफाळ्याच्या अलीकडे-पलीकडे अजून भाताची खाचरे आहेत, ताडांच्या रांगा आहेत, कुडाची घरे आहेत. पण स्टेशनांच्या आसपास नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहताना दिसतात आणि त्यांच्या जाहिराती ‘चर्चगेटला थेट लोकल’ असेच सांगतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. कागदावर एक हद्द नवी आखली गेली आणि त्याच सुमारास तारेवरची हद्द पुसली गेली. १९३६ साली वीज विरारला आली तेव्हा विरारही असेच असणार: केळीच्या बागा, रहाट, बैलगाड्या. वसईचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. लहानपणी ज्या वाडीत सुकेळी उन्हात वाळत घातलेली पाहिली, तिथे आज सात मजले आहेत आणि त्या सात मजल्यांवरचे सगळेच सकाळी माझ्याच गाडीला येतात. शिवेने पलीकडच्या मुलींचे तास बुडवले, हे खरे. पण तिने पलीकडची खाचरे इतकी वर्षे राखली, हेही तितकेच खरे. जी वीज माणसाला वेळेवर घरी पोहोचवते, तीच त्याचे गाव त्याच्या हातून नेते. यात दोष विजेचा नाही. तारेतून काय वाहावे हे इंजिनिअर ठरवतात. तिच्या शेवटच्या खांबापाशी काय उगवावे हे आपण ठरवायचे असते, आणि ते आपण बहुधा कोणालाच ठरवू देत नाही, ते आपोआप ठरते.

आजही या मार्गावर दोन सबस्टेशनांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे तारेचा एखादा मुका तुकडा असतोच. रुळाकाठी एक पाटी असते, डीजे उघडा. थोड्या अंतरावर दुसरी, डीजे मिटा. दोन्ही बाजूंना वीज मात्र आता एकाच जातीची. पुढच्या वेळी दिवे क्षणभर गेले तर वाचकांनी मोबाईलमधून डोके वर काढून ती शांतता ऐकावी. त्या वेळी गाडीला कोणतीही वीज ओढत नसते. आधी घेतलेल्या वेगावर ती चालत असते. आणि तो वेग तिला ज्यांनी मिळवून दिला, ती माणसे रात्री एक ते चार या वेळात जागी होती.